कारंज्याची शेवटची कुपी

"कारंज्याची शेवटची कुपी उद्या काढू या," असं सर म्हणाले तेव्हा ती प्रयोगशाळेत ॲप्रनचे बंद बांधत होती. बांधलेली गाठ तिने सोडली आणि पुन्हा बांधली. सरांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. नवं यंत्र आल्यापासून ते नवी सायकल मिळालेल्या पोरासारखे झाले होते. बोलताना पायाच्या चवड्यांवर उभे राहत. जुन्या यंत्राला जे दिसलं नाही ते याला दिसेल, म्हणाले. त्या साथीतली एवढी पेटलेली माणसं आपण पाहिली, पण कारंज्याइतकं पेटलेलं कुणी नाही, म्हणाले. "आणि ताई, ती गोठवलेली कुपी वितळवायची तुम्हीच. तुमच्या हाताला जेवढ्या पेशी जगतात तेवढ्या दुसऱ्या कुणाच्या हाताला जगत नाहीत." ती बरं म्हणाली. बरं म्हणायला जीभ किती सरावलेली असते. आग लागली आहे असं कुणी सांगितलं तरी ती आधी बरं म्हणेल आणि मग पळेल. हातमोजे चढवले, पिपेट हातात घेतलं, समोरच्या नळ्यांत थेंब सोडायला सुरुवात केली, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपण एकाच नळीत दोनदा थेंब सोडलाय. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ती नळी तिने टाकून दिली. टाकताना मनात आलं, शेवटची. म्हणजे याच्यापुढे तो कुठेच नाही.

बाहेरच्या बोळात कारंज्याचं ते चित्र होतंच. जिन्यावरून वर येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तेच दिसायचं, हातभर रुंद, काचेआड, काळ्या अंधारावर हजारो ठिपके. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निळसर ठिपक्यांचा एक झोत उठतो, वर जाता जाता हिरवा होतो, पिवळा होतो, आणि वरच्या उजव्या कोपऱ्याशी फुटून लाल तुषारांनी सांडतो. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत. एक बाई तर म्हणाली होती, याचा पडदा शिवून घ्यावासा वाटतो. ती स्वतः मात्र तिथून जाताना खाली बघायची. चित्राखालची फरशी कोपऱ्यात तडकलेली होती, आणि त्या तड्याचा आकार तिला आपल्या तळहातासारखा पाठ होता. कधी कुणाशी बोलत जाताना चुकून मान वर व्हायची. मग बोलणं तुटायचं, आणि समोरचा म्हणायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही, काचेवर धूळ बसलीय." मग कुणीतरी फडकं आणून काच पुसायचं. अशा रीतीने ते चित्र तिच्यामुळेच कायम लख्ख राहिलं होतं.

त्याला कारंजं हे नावही तिनेच दिलेलं. साथीच्या त्या दिवसांत रस्त्यापलीकडच्या रुग्णालयातून रोज रक्ताच्या नळ्या यायच्या. नळीवर माणसाचं नाव नसायचं, नुसता वॉर्ड आणि क्रमांक. कोण ते कळू नये हाच नियम. नळी गरगर फिरवली की रक्ताचे थर वेगळे व्हायचे, तळाशी लाल, वर पिवळं पाणी, आणि दोहोंच्या मधे एक पातळ ढग, दुधाच्या सायीची सावली पडावी इतकाच. लढणाऱ्या पेशी त्या ढगात. तो ढग हलक्या हाताने उचलून घ्यायचा हे तिचं काम. मग पेशींना रंग लावायचे, आणि यंत्रातल्या उजेडासमोरून एकेकीला रांगेने धाडायचं. गेली एक पेशी की पडद्यावर पडला एक ठिपका. धडधाकट माणसाचे ठिपके शहाण्या वस्त्यांसारखे आपापल्या जागी बसलेले असत, एकमेकांच्या अंगणात न जाता. आजाऱ्यांचे मात्र उठून कुठेही धावत. त्या धावण्यातून आकार निघत, आणि आकारांना ही मंडळी नावं देत. फुटका आरसा. मुंग्यांचं लग्न. जवळजवळ रिकाम्या पडद्याला शेजारच्या टेबलावरच्या वकिलाने, म्हणजे वाद घालायची सवय म्हणून ज्याला सगळे वकील म्हणत त्या सहकाऱ्याने, गरिबाचं आभाळ म्हटलं होतं. इतक्या मरणाला मांडीशी मांडी लावून बसायचं तर हसायला काहीतरी लागतंच. ज्याला ठिपके दिसत नाहीत, नुसता खोकणारा माणूस दिसतो, त्याच्याकडून ही चूक व्हायची नाही. चूक अशी की जितका माणूस अधिक आजारी, तितकं चित्र अधिक देखणं. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. बरी होऊन घरी जाणाऱ्यांची चित्रं कंटाळवाणी असायची.

त्या दिवशी एका वॉर्डातून एकच नळी आली. ढग नेहमीपेक्षा दाट होता हे तिला आठवतं. आठवतं, की बोटांना नळीची ऊब लागली होती, आणि वाटलं होतं, आताच निघालेलं दिसतंय, बिचारं अजून गरम आहे. पडदा भरू लागला तशी ती खुर्चीतून उठली. झोत वर जात होता, जातच होता. "अरे या, हे बघा या. काम ठेवा हातातलं. कारंजं आहे कारंजं." सगळे आले. वकील म्हणाला, "हात लावू नका, भिजाल." हसले सगळे. तीही हसली, मास्कच्या आत, इतकी की चष्म्यावर वाफ धरली आणि चित्र क्षणभर धुक्यात गेलं. सर आले, पडद्यावर वाकले, मग म्हणाले, हे मोठं करून लावा बाहेर. दुपारी छापून आलं. स्टुलावर चढून भिंतीवर चिकटवलं ते तिनेच, चारही कोपऱ्यांना टेप लावून, तळहाताने सुरकुत्या काढत काढत, मधून कडेकडे, बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तशी.

संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. लग्न केलं नव्हतं, कारखान्यामागच्या एका खोलीत राहायचा, शहरातल्या निम्म्या इमारतींच्या पोटातले दोर त्याला ओळखत. आठवड्यापूर्वी त्याला रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात, त्याच वॉर्डात, दाखल केलं होतं. तो तिला डासबाई म्हणायचा, ती रक्ताचं काम करायला लागली त्या दिवसापासून.

"काय डासबाई, पोचलो का मी?"

"कुठे?"

"तुझ्याकडे. सकाळी ती नर्स जास्तीची नळी भरून घेऊन गेली. संशोधनासाठी देता का म्हणाली. म्हटलं, खुशाल न्या, तिथे आमची डासबाई बसलीय, तिला घरचं मिळेल."

तिने भिंतीला हात टेकला. भिंत कुठली होती तेही तिला आठवतं. हात धुवायच्या बेसिनशेजारची, पांढऱ्या टाइल्सची, गार. आपण काय ऐकलं ते हाताला आधी कळलं आणि डोक्याला मागून.

"आहेस ना? ऐकू येतंय का? इथे सगळी यंत्रं शिट्ट्या मारतात." त्याला वाक्यामध्ये थांबावं लागत होतं; जिना चढणाऱ्या माणसासारखा तो प्रत्येक शब्दावर टेकत होता. "ऐक. उद्या नळी घालायची म्हणतात घशात. मग बोलता येणार नाही. म्हणून एक विचारायचंय. खरं सांगायचं. कसा दिसतो मी?"

"कसा म्हणजे?"

"तुझ्या त्या यंत्रात. घरी येणारा दिसतो का? म्हणजे असं बघ, येणार असेन तर आईशी समोर बसून बोलेन. फोनवर मला नाही जमत, तुला ठाऊक आहे. फोनवर ती गप्प बसली की मला वाटतं लाइन कट झाली. पण येणार नसेन, तर आत्ता लावतो. तू म्हणशील तसं."

आणि ती म्हणाली, "दादा, इतकं सुंदर रक्त मी आजवर पाहिलं नाही."

ही गोष्ट खरी होती. हेच तिला पुढे कधी सोसलं नाही, की ती खोटं बोललीच नाही. खोटं बोलली असती तर कधीतरी रडून मोकळी झाली असती. तिने खरं तेच सांगितलं, फक्त असं वळवून की ते त्याला उलटं पोचावं. तो हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं पुन्हा हसू झालं. "बघ. लिफ्टच्या ग्रीसवर पोसलेलं रक्त आहे. बरं मग, घरी येऊनच बोलतो." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "आईला सांगू नको हं मी विचारलं ते. उगाच शेफारेल."

तिला कळलं होतं का त्या संध्याकाळी? हा प्रश्न ती स्वतःला इतक्या वाटांनी विचारून चुकली होती की वाटाच बुजून गेल्या होत्या. ती डॉक्टर नव्हती. एका चित्रावरून कुणी माणसाचं उद्या सांगू शकत नाही. सर तर नेहमीच म्हणायचे, ठिपके म्हणजे माणूस नव्हे. पण हेही सरच समजावून सांगायचे, की या दुखण्यात शेवटी शेवटी विषाणू फारसा उरलेलाच नसतो. घुसलेला चोर केव्हाच पांगलेला असतो, आणि राखणदार मात्र हातात पलिते घेऊन घरभर धावत सुटलेले असतात, दिसेल ते जाळत, कारण थांबा असं त्यांना सांगणारं कुणी उरलेलं नसतं. माणूस दुखण्याने कमी आणि आपल्याच राखणीने जास्त जातो. कारंज्यातला प्रत्येक थेंब म्हणजे तसा एक राखणदार, दादाचाच, दादासाठीच धावणारा. फोनवर खोकत हसणाऱ्या त्याला ठाऊक नव्हतं की त्याच्या बाजूने लढणाऱ्यांनीच त्याला वेढलंय. तिला ठाऊक होतं. निदान बोटांना ठाऊक होतं. मग तिने त्याला फोन का करू दिला नाही? कारण कर म्हणणं म्हणजे जा म्हणणं झालं असतं. आपल्या तोंडून ते जाऊ नये म्हणून तिने दार लावून घेतलं. तिनेही राखणच केली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घशात नळी गेली, आणि तो पुन्हा बोलला नाही. चित्र तिला भिंतीवरून काढता आलं असतं. पण का काढलं असं कुणी विचारलं असतं, आणि कारण सांगायचं तर नियम मोडलेला दिसला असता, आणि हसलेलं दिसलं असतं. आज काढू, उद्या काढू करता करता त्याला काच बसली.

आणि आईशी बोलायचं तरी असं काय होतं? कोट होता एक. वडील गेल्यावर त्यांचा तपकिरी कोट आईने दाराशेजारच्या खुंटीवर तसाच राहू दिला होता. येता-जाता ती त्याच्या बाहीला हात लावायची, हात पुसावा तसा, कुणाला कळू न देता. थंडीच्या एका सकाळी दादाने तो उचलला आणि बसथांब्यावर कुडकुडणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्या अंगावर घालून आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. खोलीत जागा व्हावी, कपडा कामी यावा, इतकंच. संध्याकाळी आई रिकाम्या खुंटीसमोर उभी होती. "आई, तो माणूस थरथरत होता गं." आई म्हणाली, "घरातलं माणूस थरथरत होतं ते नाही दिसलं तुला." एवढंच बोलणं झालं. मग मौन. एक कोट तो केवढा, आणि मौन केवढं. आठवडे गेले, ऋतू गेले, दादा यायचा, उंबऱ्याशी उभं राहून बहिणीच्या हातात फळं द्यायचा, आत आई भांडी जास्तच आपटायची. "तुझ्या मातोश्रींना सांग, सफरचंदं गोड आहेत." "त्याला सांग, मला दात नाहीत." दोघंही इतक्या जवळ उभी असायची की तिने निरोप सांगायची गरजच नसायची, पण ती सांगायची. पुढे पुढे कोटाचं कुणाला काही वाटेनासंही झालं होतं. राग तेवढा राहिला होता, चोर गेल्यावरही जागणाऱ्यासारखा. आई एरवी संध्याकाळी दाराची कडी घालताना गुणगुणायची, तिचं तिनेच कधीतरी जुळवलेलं:

दार लाव बाई, वारा घरात शिरला,
दार उघड बाई, माझा लेक माघारी फिरला.

कोटानंतर ती पहिलीच ओळ म्हणायची आणि कडी घालायची. दुसरी म्हणेनाशी झाली.

त्या दिवशी संध्याकाळी, सरांनी कुपीचं सांगितलं त्या दिवशी, ती घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसून मोज्याला ठिगळ लावत होती. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, पण सुई ओवायला कुणाला देत नाही. तोंडात दोरा ओला करून अंदाजाने खुपसत राहते, आणि तो एकदाचा ओवला गेला की सुईलाच म्हणते, "ये, कुठे जाशील." घरात दोघीच. पलीकडच्या इमारतीतली लिफ्ट वर गेली की भिंतीतून घूं असा आवाज यायचा, आणि तो आला की आई क्षणभर हात थांबवायची. हे कितीदा तरी झालं होतं, त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"चेहरा का उतरलाय? त्या साहेबांनी झापलं का?"

"नाही गं. उद्या जरा नाजूक काम आहे."

"तुझं कुठलं काम दांडगं असतं? थेंबभर घ्यायचं, थेंबभर सोडायचं. चिमणीचा संसार." आईने दोरा दाताने तोडला. "नाजूक म्हणजे काय?"

"जुन्या पेशी गोठवून ठेवलेल्या असतात ना, त्या वितळवायच्या. त्या साथीतल्या."

"त्या दिवसांतल्या? अजून ठेवल्यात?"

"हो."

"जिवंत?"

"झोपलेल्या म्हण. नीट उठवल्या तर उठतात."

आईने मोजा उलटा करून ठिगळ चाचपलं. मग, खिडकीबाहेर बघत, जसं ती दर थोड्या महिन्यांनी विचारायची तसंच विचारलं, "नळी घालायच्या आधी तो तुझ्याशी बोलला होता ना? माझं काही काढलं होतं का?" आणि तिने, दर वेळी म्हणायची तसंच म्हटलं, "दम लागत होता गं त्याला. फार बोलता नाही आलं." हे वाक्य तोंडातून जाताना तिला त्याची चव लागली. पेशी गोठवायच्या द्रवाला एक लसणीसारखा उग्र वास असतो, हाताला लागला तर जिभेपर्यंत चढतो, तशी. आत्ता सांगावं. आई, त्याला तुला फोन करायचा होता. पाच-सहाच शब्द. ती घसा खाकरून बसली. तेवढ्यात पलीकडे लिफ्ट वर गेली, घूं, आणि आईची सुई थांबली, आणि तिने सांगायचं ते गिळलं. थोड्या वेळाने आई उठली, कडी घातली, पहिली ओळ गुणगुणली, आणि दिवा मालवायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने पेशी गोठवून ठेवायच्या टाकीचं झाकण उघडलं तेव्हा पांढरं धुकं बाहेर सांडलं, टाकीच्या अंगावरून घरंगळत तिच्या पावलांपर्यंत आलं. चेहऱ्यावर आच्छादन, हातात जाड हातमोजे. कप्पा वर ओढला. कुपी करंगळीच्या पेरापेक्षा मोठी नव्हती. बाकीच्या जागा रिकाम्या होत्या, तिच्याच हातांनी वर्षावर्षाने रिकाम्या केलेल्या, दर वेळी दुसऱ्या कुणाचा विचार करत. पण तेव्हा मागे काही शिल्लक राहत असे. मनात आलं, कुपी हातातून निसटू शकते. माणसाच्या हातून काय काय निसटतं. किंवा पाण्यात थोडी जास्त वेळ धरली, थोडा धसमुसळेपणा केला, की झालं. सर हळहळतील, आणि कुणी कधी या राखणदारांकडे बघून सुंदर म्हणणार नाही. हा विचार तिला आला, आणि तो आला याची लाज वाटायच्या आत बोटांनी आपलं काम सुरू केलं होतं. कोमट पाण्यात कुपी हलवायची, हलकेच, बर्फाचा एक बारीक खडा उरेपर्यंत, पुरता वितळू द्यायचा नाही. मग उबदार द्रव सोडायचा, एक थेंब, थांबायचं, एक थेंब, थांबायचं. एकदम ओतलं तर धक्क्याने फुटतात. मोठ्या दुखण्यातून उठलेल्याला चमच्याने पाणी पाजतात, घोट गेला का बघून मग पुढचा, तसं. ये, कुठे जाशील, असं ती पुटपुटली. पुटपुटल्यावर लक्षात आलं, हे आईचं आहे.

एक थेंब बाजूला घेऊन त्यात निळा रंग मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मेलेल्या पेशीचं दार उघडं पडलेलं असतं; निळा रंग थेट आत शिरतो आणि ती निळी होते. जिवंत पेशी निळ्याला बाहेर ठेवते. तिने भिंग फिरवलं. आधी नुसतं धुकं, मग धुक्यातून एकेक. निळ्या होत्या, बऱ्याच होत्या, इतक्या वर्षांनी असणारच. पण त्यांच्या मधे, चहूकडे, पहाटे रस्त्यावरचे दिवे अजून विझवायचे राहिलेले असावेत तशा, गोल, स्वच्छ, कडेला सोनेरी रेघ असलेल्या. निळं बाहेर ठेवणाऱ्या. तो गेल्यावर कुणी त्यांना निरोप दिला नव्हता. त्या अजून त्याची राखण करत होत्या. तिने डोळा भिंगावरून काढला तेव्हा भिंगाची कड ओली झाली होती. ती तिने ॲप्रनने पुसली. पाठीमागून येऊन सरांनी वाकून बघितलं. "वा ताई. म्हटलं नव्हतं? घ्या, विसावू द्या त्यांना तासभर. मग रंगवू." वितळवलेल्या पेशी लगेच कामाला लावत नाहीत. शरीराइतकी ऊब असलेल्या कपाटात, इन्क्युबेटरमध्ये, त्यांना थोडा वेळ नुसतं पडू देतात. सर गेले. तिने बशी कपाटात ठेवली, दार लावलं. एकदा रंगवल्या, यंत्रातून गेल्या, की त्या टाकून द्यायच्या असतात. काचेच्या दारातून बशी दिसत होती. तिने खिशातून फोन काढला.

"कोण? अगं, या वेळेला? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, बस जरा. बसलीस?"

"बसलेलीच असते मी. काय झालं?"

"त्याने तुझं काढलं होतं. नळी घालायच्या आधी. तुला फोन लावू का म्हणून विचारलं होतं मला. घरी येणार असेन तर समोर येऊन बोलतो, नाहीतर आत्ता लावतो म्हणाला. मी म्हटलं, तू घरी येशील." तिने श्वास घेतला. "असं म्हटलं नाही, पण तसंच म्हटलं. मला दिसत होतं आई. त्याचं रक्त माझ्यासमोर होतं. मी करू दिला नाही त्याला फोन."

पलीकडे काही ऐकू आलं नाही. तिला वाटलं, लाइन कट झाली. दादाला असंच वाटायचं.

"तू कोण गं ठरवणारी?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "एवढी वर्षं विचारतेय मी तुला. एवढी वर्षं."

"हो."

"दम लागत होता म्हणालीस."

"हो आई."

"मी बोलून ठेवलं होतं सगळं. त्याने लावला तर काय म्हणायचं ते. पाठ करून बसले होते. पहिला मी लावायचा नाही एवढंच ठरवलं होतं." मग नाक ओढल्याचा आवाज, आणि खुर्ची सरकल्याचा. "काल म्हणालीस त्या पेशी. त्या साथीतल्या. त्या कुणाच्या?"

तिने काचेतून बशीकडे पाहिलं. आईची उत्तराची वाट बघायची सवय मोडली होती, ती म्हणाली, "उठल्या?"

"उठल्या. बऱ्याचशा."

"तुझ्यासमोर आहेत?"

"हो."

"फोन धर त्यांच्याजवळ."

"आई, त्यांना ऐकू येत नसतं."

"मला शिकवू नकोस. तू बोललीस ते तरी कुठे त्याला नीट ऐकू आलं? धर म्हणते ना."

विसाव्याच्या वेळी दार उघडायचं नसतं. ऊब निसटते. ज्या कुणाला तिने हे काम शिकवलं त्या प्रत्येकाला तिने पहिल्यांदा हेच सांगितलं होतं. तिने दार उघडलं. शरीराची ती ओळखीची ऊब चेहऱ्यावर आली, आजाऱ्याच्या खोलीसारखी, ज्या खोलीत तिला कुणी जाऊ दिलं नव्हतं. फोन मुठीत धरून कोपरापर्यंत हात आत घातला, बशीच्या अगदी जवळ, आणि कान लांब राहावा म्हणून स्वतः मागे सरली, मान दुसरीकडे फिरवली. आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. डास कानाशी यावा तसा बारीक, अखंड, मधेच थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा. गाणं असेल, कदाचित दुसरी ओळ असेल. भांडण असेल. कान थोडा पुढे केला असता तर ऐकू आलं असतं. तिने केला नाही. हाताला रग लागली, खांद्यापर्यंत चढली, तरी तो तिने तसाच धरून ठेवला.

सर दाराशी आले. "ताई, दार उघडं कसं? गारठतील त्या."

"थोडं थांबा, सर," ती म्हणाली. "फोन चालू आहे."